एकसष्ट सामने आणि एक चेंडू

सू-लिन आंटींचे चार फोन येऊन गेले तेव्हा मी एका तेलवाहू जहाजाच्या टाकीत होतो. टाकीत फोन नेत नाहीत. वर आलो, घामानं चिंब झालेला ओव्हरऑल कमरेपर्यंत उतरवला, पाणी प्यायलो आणि मग फोन पाहिला. आंटी एरवी कधी फोन करत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर भाजीचे फोटो पाठवतात. चार मिस्ड कॉल दिसले आणि मला कळलं. तरी फोन लावलाच. "मॅट, चीफ गॉन ऑलरेडी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "यू कम फॉर लंच, कॅन? आय कुक टू मच." ब्याण्णव वर्षांचा नवरा सकाळी गेलेला आणि ही बाई दोघांच्या सवयीनं तांदूळ धुऊन बसलेली... मी डेकवर तसाच उभा राहिलो. बरोबरचा फिलिपिनो फोरमन विचारायला आला की टाकी पास आहे का. मी म्हटलं, अजून अर्धी बघायची राहिली आहे. आणि पुन्हा खाली उतरलो. चीफ असते तर त्यांनी मला हेच करायला लावलं असतं, आणि वर शिव्याही घातल्या असत्या.

चीफ म्हणजे लेस्ली टार्वेल. ऑस्ट्रेलियन माणूस, जहाजावरचा चीफ इंजिनिअर, नंतर इथल्या बंदरात जहाजं तपासणाऱ्या एका लहानशा सर्व्हे कंपनीतला माझा पहिला साहेब, आणि गेली तीस वर्षं मी ज्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडलो ते गृहस्थ. म्हात्रे हे आडनाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा 'मॅट' करून टाकला, आणि बंदरात मी आजही मॅटच आहे. या सगळ्याच्या आधी, एकोणीसशे पन्नासच्या दशकात, ते मेलबर्नच्या एका नावाजलेल्या क्लबाकडून त्यांच्या देशाचा फुटबॉल खेळले होते. एकसष्ट सामने. हा आकडा लक्षात ठेवा, कारण मी हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. ते गेल्यावर आठवड्याभरानं त्या क्लबानं आपल्या वेबसाइटवर तीन ओळी छापल्या. त्या तीन ओळींत एकसष्ट सामन्यांपैकी एकच सामना होता, आणि त्या सामन्यातलाही एकच चेंडू. वाचून माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आमची पहिली ओळख माझ्या गुडघ्यांवरून झाली. मी अलिबागकडचा, सात वर्षं जहाजांवर काढून नुकताच जमिनीवर नोकरीला लागलेला, अंगात मस्ती भरपूर. एका जुन्या मालवाहू जहाजाच्या तळटाक्या तपासायच्या होत्या. या टाक्या इतक्या बुटक्या असतात की रांगत जावं लागतं, गाळ, गंज आणि कोंडलेली हवा. मी तीन टाक्या रांगून पाहिल्या आणि चौथीत वरच्या भोकातून बॅटरी मारली, सगळं ठीक दिसलं, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की टाकी आतून तपासली. असं सगळेच लिहितात. चीफनी रिपोर्ट वाचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "चौथी शेवटी पाहिलीस ना?" मी म्हटलं, हो. "मग गुडघ्यांवरचा गाळ इतका वाळलेला कसा? चार टाक्या रांगलेल्या माणसाचे गुडघे असे नसतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत पाठवलं. मी दीड तास त्या टाकीत रांगलो. काहीही सापडलं नाही, टाकी ठणठणीत होती. रागारागानं येऊन तसं सांगितलं, तर म्हणाले, "छान. आता लिही." बास, एवढंच. पुढं तीस वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मी मात्र दर टाकीत उतरताना काढतो.

ते फुटबॉल खेळायचे हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं. ऑफिसच्या एका जेवणाला ऑस्ट्रेलियाहून कुणी सुपरिंटेंडंट आले होते. ओळख करून देताच ते चमकले. "टार्वेल? तोच टार्वेल? माझे वडील मरेपर्यंत तुमच्या नावानं बोटं मोडत होते!" टेबलावर हशा पिकला. चीफनी काटा-चमचा ताटात ठेवला, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि निघून गेले. मी मागोमाग गेलो. टॅक्सीच्या रांगेत उभे होते. त्यांच्या क्वीन्सटाउनच्या घरापर्यंत बरोबर गेलो, नवव्या मजल्यावर आंटींनी दार उघडलं, आणि त्या स्वयंपाकघरात मी तो खेळ पहिल्यांदा समजून घेतला. आंटींनी टेबलावर चार सॉसच्या बाटल्या गोलपोस्ट म्हणून मांडून दिल्या.

क्रिकेटच्या मैदानाएवढं मैदान, एकेका बाजूला अठरा माणसं, लांबट चामडी चेंडू. टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू लाथेनं पार केला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक. आणि खरी गंमत अशी की मधल्या खांबांतून जाणाऱ्या चेंडूला रेषेआधी बचाव करणाऱ्याचं नुसतं बोट जरी लागलं, तरी सहाचा एक होतो. हे ठरवायला खांबांमागे लांब पांढरा कोट आणि हॅट घातलेला एक पंच उभा असायचा. गोलला दोन झेंडे हलवायचा, एका गुणाला एक. चीफ फुलबॅक होते, म्हणजे अगदी खांबांपुढचा शेवटचा माणूस. चेंडू डोक्यावरून गेला की प्रत्येक फुलबॅकचा हात आपोआप वर जायचा. लागला, लागला! लागला असो की नसो. तो रिवाजच होता, त्यात कुणाला खोटेपणा वाटत नसे. मला हसू आलं. आमच्या गावच्या कबड्डीत याच्या बरोबर उलटं असायचं, चढाईवाल्याचा हात चौघांना लागलेला असायचा आणि चौघंही 'नाही लागला' म्हणून पंचाच्या तोंडावर छाती काढून उभे. चीफना हे फार आवडलं. "तुमच्यात एकही बाद होत नाही, आमच्यात एकही गोल होत नाही!"

तर उपांत्य सामना, शेवटची काही सेकंदं, चीफचा संघ तीन गुणांनी पुढं. समोरच्यानं लांबून लाथ मारली. चेंडू उंच आला, चीफ उडाले, चेंडू त्यांच्या बोटांवरून गेला. पंचाच्या डोळ्यांपुढं माणसांची गर्दी होती, त्याला दिसलं नाही. त्यानं चीफच्या हाताकडे पाहिलं. हात खालीच. पंच थांबला, पुन्हा पाहिलं. मग दोन झेंडे हलले. सामना तीन गुणांनी गेला. संघातली मुलं धावून आली, "लेस, बोल ना, लागला म्हण!" चीफ म्हणाले, "नाही पोचलो." पुढचा अख्खा मोसम क्लबानं त्यांना राखीव संघात बसवून ठेवलं. ज्या बॉयलर कारखान्यात ते आठवडाभर काम करायचे तिथं त्यांच्या लॉकरवर कुणीतरी खडूनं उघडा पंजा काढून ठेवायचं. ते रोज पुसायचे आणि रोज कामाला जायचे. एकही दिवस चुकवला नाही. मोसम संपला तेव्हा क्लबाची टोपी परत केली आणि जहाज धरलं.

आता मी काय केलं ते सांगतो. मला ही गोष्ट इतकी भावली की मी तिचं कीर्तन सुरू केलं. सेंगकांगच्या एका हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचा गणपती होता, मुलांच्या खेळांची बक्षिसं द्यायला मी चीफना प्रमुख पाहुणे म्हणून नेलं. माझी मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची, तिलाही लिंबू-चमच्यात बक्षीस होतं. मी माइक घेऊन पंधरा मिनिटं बोललो. प्रामाणिकपणा, संस्कार, खालीच राहिलेला हात... टाळ्या पडल्या. दोन आज्यांनी डोळे पुसले. चीफना मराठी येत नाही, पण मी हात वर-खाली करून दाखवत होतो, त्यामुळे त्यांना सगळं कळलं. ते उठले, माइक घेतला आणि मुलांना इंग्रजीत म्हणाले, "या गृहस्थानं तुम्हाला माझा चुकलेला चेंडू सांगितला. मी अडवलेले किती होते ते त्याला विचारा. त्याला माहीत नाही, कारण त्यानं मला कधी विचारलंच नाही." आणि बसले. मुलांच्या रांगेतून इरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत मोठ्यानं म्हणाली, "बाबा, यू नेव्हर आस्क, मेह?"

मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. मान देऊन घेऊन गेलो आणि चारचौघांत माझीच काढली, हा माझा राग. शेवटी आंटींनी जेवायला बोलावलं आणि आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवलं. मी फणकाऱ्यानं विचारलं, "बरं, किती अडवले?" चीफनी उजव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. वरच्या पेराला ते बाहेरच्या बाजूला वाकलेलं होतं. मी ते रोज पाहत होतो, जहाजावर मोडलं असेल असं समजून. ते म्हणाले, "हा बघ, एक इथं आहे."

तो सामना त्यांनी मला त्या दिवशी सांगितला आणि पुढं निदान वीस वेळा सांगितला, दर वेळी चिखल थोडा वाढवून. दिवसभर पाऊस, मैदान म्हणजे भाताचं खाचर. समोर त्या काळचा सगळ्यात धिप्पाड, सगळ्यात गाजलेला गोल मारणारा. चीफ त्याचं नाव घेत नसत, 'तो' म्हणत. 'तो' दर सामन्याला खोऱ्यानं गोल मारायचा. चीफना त्याच्यापुढं उभं केलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या संघातलेही हसले. त्या खेळात चेंडू हवेतच झेलला की निवांत लाथ मारायला मिळते; पण ओला चेंडू झेलायला गेलं की निसटतो, म्हणून त्यांनी ठरवलं, झेलायचाच नाही. 'तो' झेलायला हात पसरेल त्या क्षणी मागून उडायचं आणि त्याच्या दोन हातांच्या मधून चेंडूला ठोसा घालायचा. अंगाला स्पर्श न करता, नाहीतर फाउल. अस्तनीत फडकं खोचलेलं, हात पुसायचे आणि पुन्हा उडायचं. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात बोट मोडलं. ते शेजारच्या बोटाला बांधलं आणि उरलेला सामना तसाच काढला. "एकही नाही, मॅट. पूर्ण सामन्यात त्याला एकही गोल मिळाला नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघत राहावं. आंटी मुद्दाम खोडी काढायच्या, "ते बोट सरळ असतं तर दुसऱ्या सामन्यातला चेंडू लागला असता की!" चीफ लगेच भडकायचे. "बोटाचं नाव काढू नकोस. मी अर्धं पाऊल उशिरा निघालो. चूक पायांची होती."

मला मग हळूहळू उमगलं की या माणसाला दोषही नको होता आणि कौतुकही नको होतं. त्यांना हिशेबात धरलेलं हवं होतं, पण पूर्ण. तीन वर्षांपूर्वी क्लबाचं पत्र आलं. लहान मुलांच्या संघांसाठी प्रामाणिकपणाचं एक पारितोषिक ठेवतो आहोत, त्याला लेस्ली टार्वेल यांचं नाव देऊ इच्छितो. मला भरून आलं. सत्तर वर्षांनी का होईना, क्लबाला उपरती झाली. मी म्हटलं, चीफ, हो म्हणा, विमानाचं मी बघतो. त्यांनी मला लॅपटॉप उघडायला लावला आणि उत्तर सांगितलं. मी टाइप करत गेलो आणि मधेमधे भांडत गेलो. "मी त्या चेंडूपर्यंत पोचलो नाही. न पोचल्याबद्दल बक्षीस ठेवून मुलांना काय शिकवणार आहात? मला लागलेला नव्हता, मी लागला म्हटलं नाही, यात सांगण्यासारखं काही नाही. माझं नाव कुठं लावायचंच असेल तर त्या चिखलातल्या सामन्यासाठी लावा." मी म्हटलं, "चीफ, पण टाकीचं काय? तुम्ही मला परत पाठवलंत ते काय होतं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "टाकीचं वेगळं. टाकी खोटी लिहिली तर माणसं बुडतात. तो खेळ होता. दोन्हीची मोट बांधून प्रवचन करू नकोस."

क्लबाचं उत्तर सभ्य होतं. चिखलातल्या सामन्याचा गुणतक्ता त्यांना सापडला, पण कोण कुणाला अडवत होतं याची नोंद तेव्हा ठेवत नसत. गोल मारणाऱ्यांची नावं होती. 'तो' या माणसाच्या नावापुढं शून्य होतं. ते शून्य कुणाचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. चीफनी ते उत्तर दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "पण शून्य आहे ना?" मी म्हटलं, आहे. "बास तर मग." आणि चालायला निघाले. नव्वदीला टेकलेला माणूस, डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितलेली. ती काठी आंटींनी दाराशी ठेवलेली, तिच्यावर ते छत्री अडकवायचे. हातात काठी धरलेली मी त्यांना कधी पाहिली नाही. दर रविवारी सकाळी तसेच हॉकर सेंटरपर्यंत, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारापर्यंत जायचे, दोन कोपी, म्हणजे इथली घट्ट कॉफी, सांगायचे, एक माझी. मी टॅम्पिनीसच्या घरून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, अर्ध्या शहरापलीकडून यायचो, कधी उशीर झाला तर माझी कोपीही पिऊन टाकायचे.

त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी मला चार शब्द बोलायला सांगितलं. क्लबाच्या वतीनं इथं राहणारे एक गृहस्थ आले होते, भले होते, पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन. त्यांनी आधी माझ्या कानात सांगितलं, तो हाताचा किस्सा नक्की सांगा, लोकांना आवडतो. मी उभा राहिलो आणि चिखलाचा सामना सांगितला. फडकं सांगितलं, ठोसे सांगितले, बोट सांगितलं, शून्य सांगितलं. हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते गृहस्थ खट्टू झाले. आंटी पहिल्या रांगेत बसून जोरजोरात माना हलवत होत्या. आणि तुम्ही म्हणाल, म्हात्रे, मग इथं कशाला सांगितलात हाताचा किस्सा? सांगितला, कारण क्लबानं तो आधीच जगभर पसरवला आहे. निदान बाकीचे साठ सामने मागे उभे करून तरी सांगितला जावा. फुलबॅकनं अडवलं ते घडतच नाही, मग त्याची नोंद कोण ठेवणार? मी सर्व्हेअर आहे, मला हे चांगलं कळतं. माझ्यामुळं न बुडालेल्या जहाजांची यादी मलासुद्धा देता येणार नाही.

निरोप घेताना आंटींनी मला चीफचा चेंडू वाडग्यासकट दिला. त्यांच्या टीव्हीच्या कपाटावर एका वाडग्यात तो असायचा, चामडं काळवंडलेलं, शिवण दोनदा नव्यानं घातलेली. दर रविवारी बाहेर पडण्यापूर्वी चीफ त्यात सायकलच्या पंपानं हवा भरायचे. हवा जायचीच, ते भरायचेच. याच चेंडूनं त्यांनी इराला लाथ मारायला शिकवलं होतं, आमच्या ब्लॉकखालच्या हिरवळीवर. तिथं चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी आहे. टाउन कौन्सिलचा माणूस आला तेव्हा चीफनी त्याला पाटीवरचं चित्र दाखवलं. "हा चेंडू गोल आहे. आमचा बघा." तो बिचारा डोकं खाजवत गेला होता.

परवाच्या रविवारी सकाळी मला क्वीन्सटाउनला जायचं नव्हतं. सवयीनं तयार होऊन बसलो होतो. इरानं, ती आता सव्वीस वर्षांची आहे, वाडग्यातला चेंडू दाबून पाहिला. मऊ पडला होता. मी पंप काढला, हवा भरली आणि आम्ही खाली गेलो. पाटी अजून तिथंच आहे. दोन झाडांच्या मधे मी उभा राहिलो, ती लांब गेली. "बाबा, रेडी आर?" असं ओरडून तिनं लाथ मारली, अगदी चीफनी शिकवली तशी. चेंडू उंच आला. मी पाहिलं, निघालो, उडालो... वयाच्या बासष्टाव्या वर्षी जेवढं उडता येतं तेवढं. चेंडू बोटांवरून गेला आणि झाडांच्या पलीकडे पडला.

"टच्ड ऑर नॉट?" इरा लांबून ओरडली.

माझा हात खालीच होता. तो खाली ठेवायला काही कष्ट पडले नाहीत, मनात दुसरं काही आलंसुद्धा नाही. मनात आलं ते एवढंच की मी अर्धं पाऊल उशिरा निघालो. आणि त्याचा असा संताप आला, पायांचा, वयाचा, त्या वीतभर अंतराचा, की डोळ्यांत पाणी आलं. चीफ, पंधरा मिनिटं माइक धरून मी जे सांगत होतो ते काहीच नव्हतं. हे होतं. हेच तुम्ही सत्तर वर्षं घेऊन फिरत होतात.

"नाही पोचलो," मी ओरडलो. "परत मार."